दुर्गा खोटे

दुर्गा खोटे (जन्म : १४ जानेवारी १९०५, मुंबई, मृत्यू : २२ सप्टेंबर १९९१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील आणि मराठी रंगभूमीवरील एक श्रेष्ठ अभिनेत्री होत्या. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या आरंभीच्या मराठी बोलपटात त्यांनी तारामतीची भूमिका केली. तेथून सुरू झालेली त्यांची कारकीर्द सुमारे पन्नास वर्षे चालली आणि या काळात त्यांनी दोनशेच्या आसपास चित्रपटांत भूमिका केल्या. पौराणिक नायिका, बंडखोर समुद्रचाची, खाष्ट सासू, सम्राज्ञी आणि वत्सल आई अशी त्यांच्या भूमिकांची विविधता आहे. अभिनयाबरोबरच त्यांनी चित्रपट, लघुपट व जाहिरातपट यांची निर्मितीही केली. भारत सरकारचा पद्मश्री हा किताब व चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च मानला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रपटात काम करणे ज्या काळी कुळाला कलंक मानले जाई, त्या काळात दुर्गाबाईंनी हा व्यवसाय उघडपणे, स्वतःच्या नावाने आणि चरितार्थाचे साधन म्हणून स्वीकारला. त्यांच्या अभिनयाइतकेच हे पाऊलही भारतीय चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

बालपण, शिक्षण आणि विवाह

दुर्गाबाईंचे माहेरचे आडनाव लाड. हे घराणे मूळचे गोव्याचे. परंतु मुंबईत स्थायिक झालेले. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील नामांकित सॉलिसिटर होते. आईचे नाव मंजुळाबाई. गिरगावातील कांदेवाडीत या कुटुंबाचे वास्तव्य होते आणि मोठ्या एकत्र कुटुंबाच्या गजबजाटात दुर्गाबाईंचे बालपण गेले. घरात सुबत्ता होती, तसेच शिक्षणाचे व कलांचे प्रेमही होते. मुलींना इंग्रजी शाळेत घालण्याची प्रथा रूढ झालेली नसताना दुर्गाबाईंचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथेड्रल हायस्कुलात झाले. पुढे त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश घेतला. इंग्रजी भाषेवरील प्रभुत्व, स्पष्ट उच्चार आणि वागण्याबोलण्यातील आत्मविश्वास हे गुण त्यांना या शिक्षणातून लाभले व पुढे बोलपटात ते उपयोगी पडले.

महाविद्यालयीन शिक्षण चालू असतानाच त्यांचा विवाह खोटे या सधन घराण्यातील विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. विश्वनाथ खोटे यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. या दांपत्याला बकुळ आणि हरीन असे दोन मुलगे झाले. विवाहानंतर काही वर्षांतच सासरची आर्थिक स्थिती ढासळली. सुखवस्तू माहेर आणि सधन सासर पाहिलेल्या दुर्गाबाईंवर स्वतः अर्थार्जन करण्याची वेळ आली. पतीच्या अकाली निधनामुळे पुढे दोन्ही मुलांची जबाबदारी सर्वस्वी त्यांच्यावर पडली. त्यांच्या चित्रपटप्रवेशामागे हौस वा प्रसिद्धीची ओढ यांपेक्षा ही गरज मुख्य होती, ही गोष्ट त्यांच्या पुढील कारकिर्दीचा विचार करताना लक्षात घ्यावी लागते.

तत्कालीन पार्श्वभूमी

दुर्गा खोटे यांच्या चित्रपटप्रवेशाचे महत्त्व समजण्यासाठी त्या आधीच्या वीस वर्षांची स्थिती पाहणे आवश्यक आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. अखेर अण्णा साळुंके या पुरुष नटाने ती भूमिका केली. त्याच वर्षी फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) या मायलेकींनी काम करून ही कोंडी फोडली. त्यानंतर मूकपटांत स्त्रिया दिसू लागल्या. पण त्यांपैकी बहुतेक जणी नाचगाण्याची परंपरा असलेल्या कुटुंबांतून किंवा अँग्लो-इंडियन व ज्यू समाजांतून आलेल्या होत्या. मध्यमवर्गीय हिंदू घरातील स्त्रीला या व्यवसायाची दारे समाजाने बंदच ठेवली होती.

रंगभूमीची स्थिती फारशी वेगळी नव्हती. मराठी संगीत नाटकाच्या वैभवकाळात स्त्रीभूमिका पुरुष नटच करीत आणि बालगंधर्वांच्या लोकप्रियतेमुळे या प्रथेला मोठी प्रतिष्ठा लाभली होती. हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिकांनी रंगभूमीवर पदार्पण केले, तरी स्त्रीने नाटकात काम करावे की नाही, हा वादाचा विषय होता. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक १९३३ मध्ये रंगमंचावर आणले आणि त्यात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या. परंतु त्याच्या आधीच दुर्गाबाई चित्रपटात आल्या होत्या.

चित्रपटात प्रवेश : ‘फरेबी जाल’

भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ मार्च १९३१ मध्ये प्रदर्शित झाला आणि मूकपट काढणाऱ्या निर्मात्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. तयार झालेल्या मूकपटांना बोलका भाग जोडून ते प्रदर्शित करण्याची युक्ती काहींनी योजिली. दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटासाठी असाच एक छोटा बोलका प्रसंग चित्रित करावयाचा होता व त्यासाठी सुशिक्षित स्त्रीचा शोध चालू होता. प्रथम दुर्गाबाईंच्या थोरल्या बहिणीकडे विचारणा झाली. तिने नकार देऊन दुर्गाबाईंचे नाव सुचविले. पैशांची निकड असल्यामुळे दुर्गाबाईंनी होकार दिला. चित्रपटाचे एकंदर कथानक काय आहे, याची त्यांना पुरेशी कल्पना नव्हती.

चित्रपट प्रदर्शित झाला, तो सुमार दर्जाचा निघाला. त्याहून क्लेशकारक गोष्ट म्हणजे जाहिरातींत दुर्गाबाईंच्या माहेरच्या व सासरच्या प्रतिष्ठित घराण्यांच्या नावांचा ठळकपणे वापर करण्यात आला. समाजात व आप्तवर्गात गहजब उडाला. दोन्ही घराण्यांची अब्रू गेली, असा सूर निघाला. अवघ्या काही मिनिटांच्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंना तीव्र निंदा सहन करावी लागली आणि पुन्हा चित्रपटाच्या वाटेला जावयाचे नाही, असे त्यांच्या मनाने घेतले.

प्रभात फिल्म कंपनी आणि ‘अयोध्येचा राजा’

‘फरेबी जाल’मधील दुर्गाबाईंचे काम व्ही. शांताराम यांच्या पाहण्यात आले होते. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली होती. मूकपटांत नाव मिळविल्यावर या कंपनीने मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत पहिला बोलपट काढण्याचे ठरविले आणि त्यासाठी हरिश्चंद्राचीच कथा निवडली. तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंना विचारण्यात आले. ‘फरेबी जाल’चा अनुभव ताजा असल्याने घरातील मंडळींची संमती मिळणे सोपे नव्हते. प्रभातचा लौकिक, कथेचे पावित्र्य व शुद्ध भाषेला असलेले महत्त्व यांमुळे विरोध मावळला आणि दुर्गाबाई कोल्हापुरास गेल्या.

‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला. हा पहिला मराठी बोलपट मानला जातो. हिंदी आवृत्तीचे नाव ‘अयोध्या का राजा’ असे होते. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली होती व संगीतही त्यांचेच होते. पार्श्वगायनाचे तंत्र त्या वेळी आलेले नव्हते. त्यामुळे नटनटींना कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे आणि वादकांना कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर पण ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात बसवावे लागे. एक संवाद वा एक सूर चुकला, तरी सारा प्रसंग पुन्हा चित्रित करावा लागे. कोणताही पूर्वानुभव नसताना दुर्गाबाईंनी हे सारे दोन भाषांत पार पाडले. राजवैभवात वावरणारी, नवऱ्याच्या सत्यव्रतासाठी दासीपण पत्करणारी आणि मुलाच्या मृत्यूने कोसळणारी तारामती त्यांनी संयमाने रंगविली. या चित्रपटातील त्यांचे अंगाईगीत लोकप्रिय झाले.

एकोणीस वर्षांपूर्वी ज्या तारामतीसाठी फाळके यांना एकही स्त्री मिळाली नव्हती, तीच भूमिका आता सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या सॉलिसिटरच्या कन्येने केली होती. चित्रपटाच्या यशाबरोबर लोकमतही बदलले. वर्षभरापूर्वी ज्या नावाची निंदा झाली होती, ते नाव आता कौतुकाने घेतले जाऊ लागले. त्याच वर्षी प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये दुर्गाबाईंनी स्त्रीराज्याच्या राणीची भूमिका केली. पाळीव चित्ता जवळ बाळगणारी ही करारी राणी सोशिक तारामतीहून अगदी भिन्न होती. पाठोपाठ आलेल्या या दोन भूमिकांमुळे त्यांच्या अभिनयाचा आवाका स्पष्ट झाला.

कोलकात्यातील चित्रपट

प्रभातच्या यशानंतर दुर्गाबाईंना कोलकात्याहून बोलावणे आले. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) या देवकी बोस दिग्दर्शित हिंदी चित्रपटात त्यांनी मीरेची भूमिका केली. पृथ्वीराज कपूर त्यांचे सहकलाकार होते. त्यानंतर ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’ (१९३४) या चित्रपटात पृथ्वीराज कपूर राम आणि दुर्गा खोटे सीता झाल्या. देवकी बोस यांनीच दिग्दर्शित केलेला हा चित्रपट व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला व त्यास सन्मानपत्र मिळाले. आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेलेला हा पहिला भारतीय बोलपट मानला जातो. ‘इन्किलाब’ आणि ‘जीवन नाटक’ (दोन्ही १९३५) हे देवकी बोस यांच्याबरोबरचे त्यांचे आणखी चित्रपट होत.

त्या काळी कलावंत मासिक पगारावर एखाद्या कंपनीशी करारबद्ध असत आणि कंपनीबाहेर काम करण्याची त्यांना मुभा नसे. दुर्गाबाईंनी मात्र कोल्हापूर, कोलकाता, पुणे, मुंबई अशा ठिकठिकाणच्या कंपन्यांत चित्रपटागणिक करार करून काम केले. आपल्या कामाचा मोबदला व अटी स्वतः ठरविणाऱ्या, कोणत्याही एका कंपनीच्या बांधील नसलेल्या कलावंतांच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. पुढे चाळीसच्या दशकात कंपन्यांची पद्धत मोडकळीस आल्यावर हीच रीत सर्वत्र रूढ झाली.

‘अमरज्योती’

प्रभात कंपनी पुण्यास स्थलांतरित झाल्यावर शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अमरज्योती’ (१९३६) या हिंदी चित्रपटातील सौदामिनी ही दुर्गाबाईंच्या सर्वोत्कृष्ट भूमिकांपैकी एक मानली जाते. पतीपासून दुरावलेली सौदामिनी आपले तान्हे मूल आपल्यापाशी राहावे म्हणून राज्याकडे दाद मागते. मुलावर आईचा हक्क नाही, असे सांगून न्यायमंत्री दुर्जय तिला परत पाठवितो. या अन्यायाने पेटलेली सौदामिनी समुद्रावर चाचेगिरी करू लागते आणि ज्या व्यवस्थेने तिला दासी ठरविले, तिच्याशी उघड वैर धरते. दुर्जयाची भूमिका चंद्रमोहन यांनी, तर नंदिनीची शांता आपटे यांनी केली होती. संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते.

आईच्या हक्काचा प्रश्न पोशाखी, अद्भुतरम्य कथानकातून मांडणाऱ्या या चित्रपटात दुर्गाबाईंना गाणे वा शृंगार यांचा आधार जवळजवळ नव्हता. उंच बांधा, धारदार नजर आणि खणखणीत आवाज यांच्या बळावर त्यांनी संतप्त स्त्रीचे जे रूप उभे केले, ते त्या काळातील सोशिक नायिकांच्या मालिकेत उठून दिसणारे होते. ‘अमरज्योती’ही व्हेनिसच्या महोत्सवात दाखविण्यात आला.

निर्मिती आणि चाळीसचे दशक

दुर्गाबाईंनी १९३७ मध्ये ‘सवंगडी’ (हिंदीत ‘साथी’) या चित्रपटाची निर्मिती केली. चित्रपटनिर्मितीत उतरलेल्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यामुळे त्यांचे नाव घेतले जाते.

वयाच्या पस्तिशीनंतर नायिकेच्या भूमिका मिळेनाशा होणे हे त्या काळी अटळच समजले जाई. दुर्गाबाईंनी या वळणावर प्रौढ स्त्रियांच्या भूमिका स्वीकारल्या आणि त्यांना नायिकेच्या भूमिकेइतके वजन प्राप्त करून दिले. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१, हिंदीत ‘चरणों की दासी’) या चित्रपटात वनमाला यांनी सुनेची, तर दुर्गाबाईंनी सुनेचा छळ करणाऱ्या सासूची भूमिका केली. दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचे होते. विजय भट्ट यांच्या ‘भरतभेट’ (१९४२, हिंदीत ‘भरत मिलाप’) या चित्रपटात त्या कैकेयी झाल्या. कैकेयीला केवळ दुष्ट न दाखविता मुलाच्या मायेने आंधळी झालेली व नंतर पश्चात्तापाने पोळलेली आई म्हणून त्यांनी रंगविले. या दोन्ही भूमिकांसाठी बंगाल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशनने लागोपाठ दोन वर्षे त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला.

सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’ (१९४३) या चित्रपटातील मृणालवती ही या काळातील आणखी एक महत्त्वाची भूमिका होय. कन्हैयालाल मुन्शी यांच्या गुजराती कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात कठोर, अहंकारी राजभगिनी मृणालवती आणि बंदिवान राजा मुंज यांच्यातील संघर्ष केंद्रस्थानी आहे. पल्लेदार संवादांसाठी ख्याती असलेल्या मोदींसमोर दुर्गाबाई तितक्याच सामर्थ्याने उभ्या राहिल्या.

रंगभूमीवरील कार्य

चित्रपटात स्थिरावलेल्या कलावंतांनी रंगभूमीकडे पाठ फिरविण्याचा तो काळ होता. बोलपटाच्या आक्रमणाने अनेक नाटक कंपन्या बंद पडल्या होत्या. अशा वेळी मुंबई मराठी साहित्य संघाने नाट्यमहोत्सव भरवून रंगभूमीला पुन्हा उभारी देण्याचा प्रयत्न आरंभिला. दुर्गाबाई या कार्याशी निष्ठेने जोडल्या गेल्या. ‘इप्टा’ या संस्थेशीही त्यांचा संबंध होता.

साहित्य संघाने सादर केलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकातील आनंदीबाई ही त्यांची रंगभूमीवरील सर्वांत गाजलेली भूमिका होय. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधावर हे नाटक आधारलेले आहे. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून मराठी जनमानसात कायमची बदनाम झालेली ही स्त्री महत्त्वाकांक्षा, अपमानाची जाणीव आणि भीती यांच्या कात्रीत सापडलेली आहे, हे दुर्गाबाईंनी अभिनयातून दाखविले. नानासाहेब फाटक यांचा राघोबा आणि दुर्गाबाईंची आनंदीबाई ही जोडी जुन्या नाट्यरसिकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली. हे नाटक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील स्त्रीभूमिका पुरुष नटच करीत असत.

शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’चे वि. वा. शिरवाडकर यांनी केलेले ‘राजमुकुट’ हे रूपांतर साहित्य संघाने १९५४ मध्ये रंगमंचावर आणले. हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने ते बसविले होते. नानासाहेब फाटक नायकाच्या आणि दुर्गाबाई लेडी मॅकबेथच्या भूमिकेत होत्या. पतीला हत्येस प्रवृत्त करणारी आणि अखेर त्या पापाच्या ओझ्याने मन हरवून बसणारी ही नायिका आनंदीबाईशी नाते सांगणारी असली, तरी दुर्गाबाईंनी दोघींचे वेगळेपण जपले. ‘वैजयंती’ व ‘कौंतेय’ या नाटकांतही त्यांनी भूमिका केल्या.

चित्रपटातून मिळणाऱ्या मोबदल्याच्या तुलनेत रंगभूमीवर अर्थप्राप्ती नगण्य होती. तालमींसाठी मात्र महिनोन्‌महिने द्यावे लागत. तरीही त्यांनी हे काम निष्ठेने केले. या सेवेबद्दल १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६१ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

उत्तरकाळातील चित्रपट

स्वातंत्र्योत्तर काळात दुर्गाबाई हिंदी चित्रपटांत प्रामुख्याने चरित्रभूमिकांत दिसू लागल्या. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई ही या काळातील त्यांची सर्वांत संस्मरणीय भूमिका. अकबराची पत्नी आणि सलीमची आई या दोन नात्यांत होणारी ओढाताण त्यांनी मोजक्या शब्दांत, मुख्यतः चेहऱ्यावरील भावांतून व्यक्त केली. अकबराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. ‘सीता’मध्ये राम आणि सीता झालेली ही जोडी पाव शतकानंतर सम्राट आणि सम्राज्ञी म्हणून पुन्हा एकत्र आली.

जेम्स आयव्हरी दिग्दर्शित ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) या चित्रपटात त्यांनी शशी कपूर यांच्या आईची भूमिका केली. ‘आनंद’ (१९७१), ‘बावर्ची’ (१९७२), ‘अभिमान’ (१९७३), ‘नमक हराम’ (१९७३), ‘खुशबू’ (१९७५) आणि ‘कर्ज’ (१९८०) हे या काळातील त्यांचे आणखी काही उल्लेखनीय चित्रपट होत. राज कपूर यांच्या ‘बॉबी’ (१९७३) मध्ये त्या नायिकेची आजी, गोव्याच्या मिसेस ब्रिगांझा झाल्या. ज्या प्रेक्षकपिढीने तारामती वा सौदामिनी पाहिली नव्हती, तिला दुर्गा खोटे परिचित झाल्या त्या अशा वडीलधाऱ्या भूमिकांतून. ‘बिदाई’ (१९७४) या चित्रपटातील आईच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती.

लघुपट, जाहिरातपट आणि दूरचित्रवाणी

दुर्गाबाईंनी पन्नाशीच्या दशकात ‘फॅक्ट फिल्म्स’ ही संस्था आणि पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ ही संस्था स्थापन केली. माहितीपट, लघुपट व जाहिरातपट यांच्या निर्मितीत या संस्थेने अनेक वर्षे काम केले. पडद्यावरील भूमिका वयानुसार कमी होत जाणार, हे ओळखून त्यांनी उभारलेला हा स्वतंत्र व्यवसाय होता. दूरदर्शनवर १९८८ पासून प्रसारित झालेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका याच संस्थेची निर्मिती होय. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील सामान्य कारकून व त्याचे कुटुंब यांवर आधारलेल्या या मालिकेचे दिग्दर्शन कुंदन शाह यांनी केले होते. ती देशभर लोकप्रिय झाली.

कौटुंबिक जीवन

दुर्गाबाईंनी नंतर मोहम्मद रशीद खान यांच्याशी विवाह केला. परंतु तो फार काळ टिकला नाही. धाकटे चिरंजीव हरीन यांचे अकाली निधन झाले, हा त्यांच्या आयुष्यातील मोठा आघात होता. हरीन यांच्या पत्नी विजया या पुढे विजया मेहता या नावाने मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ दिग्दर्शिका व अभिनेत्री म्हणून विख्यात झाल्या. दुर्गाबाईंचे दीर नंदू खोटे हे नाटक व मूकपटांतील नट होते. विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेले शुभा खोटे व विजू खोटे ही त्यांची अपत्ये. ज्या घराण्यातील सुनेच्या चित्रपटप्रवेशाने १९३१ मध्ये गहजब झाला होता, ते आडनाव पुढील पिढ्यांत अभिनयासाठीच ओळखले जाऊ लागले.

आत्मचरित्र

‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकत्र कुटुंबातील बालपण, सासरची ओढग्रस्त, चित्रपटातील पहिला कटू अनुभव, निरनिराळ्या चित्रसंस्थांमधील दिवस आणि मुलांना वाढविताना करावी लागलेली कसरत यांचे निवेदन त्यांनी प्रांजळपणे केले आहे. स्वतःच्या चुका व फसलेले निर्णयही त्यांनी झाकलेले नाहीत. मराठी चित्रपट व रंगभूमी यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हे पुस्तक उपयुक्त ठरले आहे. शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये प्रकाशित झाला.

अभिनयशैली आणि मूल्यमापन

दुर्गाबाईंच्या अभिनयाचा मुख्य आधार त्यांचा आवाज व उच्चार हा होता. बोलपटाच्या आरंभीच्या काळात संवाद संगीत नाटकाच्या हेलात म्हटले जात. दुर्गाबाईंना रंगभूमीची तालीम मिळालेली नव्हती आणि हीच गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. त्यांचे बोलणे तुलनेने नैसर्गिक होते व ध्वनिग्राहकास ते मानवले. भव्य कपाळ, उंच बांधा आणि चालण्यातील डौल यांमुळे राणी वा सम्राज्ञीच्या भूमिका त्यांना शोभून दिसत. गायन हे मात्र त्यांचे बलस्थान नव्हते. पार्श्वगायन रूढ होण्यापूर्वीच्या काळात नायिकेला ही उणीव जाणवणारी असली, तरी त्यांनी ती अभिनयाने भरून काढली. उत्तरकाळात हिंदी चित्रपटांनी त्यांना आई व आजी यांच्या ठरावीक साच्यात बांधून ठेवले आणि त्यांच्या सामर्थ्याचा पुरेसा उपयोग करून घेतला नाही, असेही म्हणता येते. त्यांच्या प्रौढ वयातील सर्वांत आव्हानात्मक भूमिका चित्रपटाने नव्हे, तर रंगभूमीने त्यांना दिल्या.

त्यांच्या नंतरच्या काही वर्षांत लीला चिटणीस, शोभना समर्थ, वनमाला, स्नेहप्रभा प्रधान अशा सुशिक्षित अभिनेत्री मराठी व हिंदी पडद्यावर आल्या. या बदलाचे श्रेय एकट्या दुर्गाबाईंना देता येणार नाही. बोलपटामुळे शुद्ध भाषा बोलणाऱ्या नटींची गरज निर्माण झाली होती आणि समाजही बदलत होता. तथापि घराण्याचे नाव न लपविता, निंदा सोसून आणि या कामावर संसार चालवून दुर्गाबाईंनी जो पायंडा पाडला, त्यामुळे पुढील स्त्रियांची वाट सुकर झाली, यात शंका नाही.

निवडक चित्रपट

फरेबी जाल (१९३१)
अयोध्येचा राजा / अयोध्या का राजा (१९३२) : तारामती
माया मच्छिंद्र (१९३२) : स्त्रीराज्याची राणी
राजरानी मीरा (१९३३) : मीरा
सीता (१९३४) : सीता
अमरज्योती (१९३६) : सौदामिनी
सवंगडी / साथी (१९३७) : निर्मितीही
पायाची दासी / चरणों की दासी (१९४१) : सासू
भरतभेट / भरत मिलाप (१९४२) : कैकेयी
पृथ्वीवल्लभ (१९४३) : मृणालवती
मुघल-ए-आझम (१९६०) : जोधाबाई
द हाउसहोल्डर (१९६३) : नायकाची आई
बॉबी (१९७३) : मिसेस ब्रिगांझा
बिदाई (१९७४) : आई
कर्ज (१९८०) : आई

पुरस्कार आणि सन्मान

बंगाल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री पुरस्कार : ‘चरणों की दासी’ (१९४२) आणि ‘भरत मिलाप’ (१९४३)
संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९५८)
मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद, दिल्ली (१९६१)
पद्मश्री (१९६८)
फिल्मफेअर सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्री पुरस्कार : ‘बिदाई’
दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३)

दुर्गा खोटे यांचे २२ सप्टेंबर १९९१ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी निधन झाले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ मध्ये भारतीय टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांच्या संचात त्यांच्या तिकिटाचा समावेश होता.